अकरा झोळ्या

सोमवार, ४ जून

पोचले एकदाची! दोन दिवस बस, एक दिवस ट्रक आणि शेवटचे नऊ तास होडी. अंगातलं हाडन् हाड सुटं झालंय, पण मन टुणटुण उड्या मारतंय. निघताना ताईनं ही वही हातात ठेवली. म्हणाली, तिथं तुझी बडबड ऐकायला कोण असणार, हिलाच ऐकव. तर ऐक बाई.

केंद्र म्हणजे नदीकाठी लाकडी खांबांवर उभी असलेली पत्र्याची चार घरं आणि त्यांना जोडणारा फळ्यांचा अरुंद पूल. खाली चिखल. वर झाडं, त्या झाडांवर चढलेली दुसरी झाडं, त्यांच्यावर लोंबणारे वेल. आकाश दिसतं ते नदीच्या डोक्यावर, पदराच्या काठाएवढं. पहिल्या घरात दवाखाना, दुसऱ्यात माझी प्रयोगशाळा. माझी! मायक्रोस्कोप जुना आहे, पण काच स्वच्छ. इनक्युबेटर जरा कण्हतो. फ्रीज सौरऊर्जेवर चालतो आणि ढग आले की रुसतो.

माणसं मला धरून पाच. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. मोठ्या सिस्टर सारख्या ओरडतात, पण मी पोचताच अंघोळीला कढत पाणी त्यांनीच काढून ठेवलं. होडीवाल्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. आणि मावशी. मावशी मूळची नदीच्या वरच्या वस्तीतली. पंधरा वर्षांपूर्वी पाय मोडला म्हणून तिला इथं आणलं, पाय जुळला आणि ती इथंच राहिली. आपली भाषा शिकली. वस्तीत गेलं की दुभाषी तीच.

थोडा कोरडा खोकला आहे. ताईचा गुंड्या महिनाभर खोकतोय आणि निघेपर्यंत माझ्या मांडीवरून उतरायला तयार नव्हता. त्यानंच दिलेला आहेर असणार. नाहीतर ट्रकची धूळ.

बुधवार, ६ जून

आज डॉक्टरांनी काम समजावलं. दोन चहा गार झाले.

वरच्या वस्तीत त्रेचाळीस माणसं राहतात, सगळी एकाच लांबलचक छपराखाली. बाहेरचा माणूस तिथं वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जातो. तरीही आपल्या शहरातले जंतू अशा वस्त्यांपर्यंत पोचतात. कसे, कुणाबरोबर, किती दिवसांत, हे डॉक्टर शोधताहेत. त्यांनी सांगितलं की याच नदीवर आणखी वरच्या अंगाला पूर्वी एक वस्ती होती. एक लाकूडतोड्या तिथं चार दिवस मुक्कामाला राहिला, त्याला नुसता घसा खवखवत होता. दुसऱ्या वर्षी डॉक्टर गेले तेव्हा तिथं फक्त खांब उभे होते. म्हणाले, आपल्याकडे जो जंतू पाहुण्यासारखा येऊन जातो, तो तिथं घर धुऊन नेतो.

माझं काम साधं. नाकातून बारीक काडी आत घालायची, स्वॅब घ्यायचा, तो कोळसा घातलेल्या काळ्या प्लेटवर फिरवायचा आणि प्लेट सात दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवायची. डांग्या खोकल्याचा जंतू फार आळशी, त्याला उगवायला इतका वेळ लागतो. प्लेटवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. नावं वेगळ्या रजिस्टरात. म्हणजे बघणाऱ्याची नजर फितूर होत नाही.

वर जाण्याआधी केंद्रातल्या सगळ्यांचीही तपासणी करायची असा नियम आहे. आज पाचही जणांचे स्वॅब घेतले. माझा मोठ्या सिस्टरनी घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, आता कळलं ना पेशंटला कसं वाटतं. आणखी एक नियम असा की नव्या माणसानं चौदा दिवस इथंच थांबायचं. तोपर्यंत वस्तीत पाय टाकायचा नाही.

शनिवार, ९ जून

इथला पावसाळा सरलाय, नदी भराभर उतरतेय. खडकांच्या जागी आणखी आठवड्यानं होडी अडकेल असं सावकाशनं सांगितलं, आणि डॉक्टरांनी ठरवलं की सोमवारीच निघायचं. चौदा दिवसांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही ठणठणीत दिसताय, फॉर्म भरून द्या म्हणजे झालं.

फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या तीन आठवड्यांत सर्दी, ताप, खोकला? मी पेन धरून बसले. ताप नाही. सर्दी गेली. खोकला म्हटला तर आहे, म्हटला तर नाही, सकाळी चार ठसके येतात. 'हो' लिहिलं असतं तर मला मागं ठेवून सगळे गेले असते. एवढा प्रवास करून मी काय इथं डबक्यातले बेडूक मोजत बसू?

'नाही' वर खूण केली.

मंगळवार, १२ जून

हे लिहितेय ते वस्तीतल्या छपराखाली बसून. असं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आगगाडीच्या चार डब्यांएवढं लांब, भिंती नाहीत, पानांनी शाकारलेलं छप्पर पार कमरेपर्यंत खाली आलेलं. आत कायम संधिप्रकाश. दोन्ही अंगांना खांब आणि खांबांना बांधलेल्या झोळ्या. मोठ्यांच्या झोळ्या डोंगराकडच्या बाजूला, मुलांच्या नदीकडच्या बाजूला. मुलांच्या अकरा, ओळीनं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. प्रत्येकीची वीण वेगळी, कारण प्रत्येक आईची वीण वेगळी.

मुलांना मी आवडले आणि मला ती. मावशीनं त्यांच्या नावांचा अर्थ लावून दिला आणि मी हसून लोटपोट. एकाचं नाव दातपडका. एकीचं शेपूट, कारण ती आईचा पाठलाग सोडत नाही. एक गोगलगाय. एक पाचेक वर्षांची किरकिरी पोर, तिचं नाव चिंच. सगळ्यात धाकटी तीन महिन्यांची, मावशीच्या भाचीची लेक. जन्मल्यापासून तिची उजवी मूठ मिटलेली, म्हणून तिचं नाव मूठ. भाचीनं ती सरळ माझ्या हातात दिली. मी तिचा वास घेतला. तिनं माझं बोट मुठीत धरलं आणि सोडेचना.

त्रेचाळीस जणांचे स्वॅब घेऊन झाले, मुलांची वजनंही. मास्क लावला होता, पण या दमटपणात दहा मिनिटांत त्याचं ओलं फडकं होतं. मुलांना माझं तोंड बघायचं होतं. काढला.

दुपारी एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली आणि मावशीला काही बोलली. मावशीनं सांगितलं, ती विचारतेय, आलेल्यांपैकी कुणी खोकतं का? माझ्या तोंडात खडीसाखर होती. ठसका दाबायला सकाळपासून तीच चघळत होते. मी मान हलवली. नाही. म्हातारी बराच वेळ माझ्या गालाकडे बघत होती, जिथं खडीसाखर होती.

शुक्रवार, १५ जून

केंद्रात परत. होडीत सगळ्यांसमोर खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबली नाही. शेवटी उलटी झाली. मोठ्या सिस्टरनी पाठ चोळली.  मावशी मागं वस्तीच्या दिशेनं बघत होती.

शनिवार, १६ जून

सकाळी इनक्युबेटर उघडला. केंद्रातल्या पाच जणांच्या प्लेटा बाहेर काढल्या. एक, दोन, तीन, काळ्याभोर, कोऱ्या. चौथीवर दिव्याखाली काहीतरी चमकलं. बारीक, गोल, पाऱ्याचे थेंब सांडावेत तसे. मी ते कॉलेजात पाहिले होते, पुस्तकातल्या फोटोत पाहिले होते. ओळख पटायला वेळ लागला नाही. तरी स्लाइड केली, रंगवली, तीनदा पाहिली.

मग पाचवी पाहिली. कोरी.

मग रजिस्टर उघडलं. चौथ्या आकड्यासमोर माझं नाव होतं.

जो जंतू शोधायचा मला पगार मिळतो, तो मी ताईच्या घरून नाकात घालून आणला. गुंड्याला लस दिलेली म्हणून तो नुसता खोकला. मला लहानपणी दिलेली म्हणून मला चार ठसके. तिथं कुणालाच दिलेली नाही. आणि मी त्या मुठीचा वास घेतला.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. आजच परत वर जाऊ या म्हणून मी गयावया केली, अजून कुणी आजारी पडलेलं नसणार, आत्ता सगळ्यांना औषध दिलं तर आग लागायच्या आधीच विझेल. ते म्हणाले, एका प्लेटवरून वस्तीत गोंधळ घालायचा नाही, आधी शहरातून खात्री करून घेऊ. होडी एकच. ती माझी प्लेट घेऊन शहराच्या दिशेनं गेली.

बुधवार, २० जून

वस्तीतल्या प्लेटा वाचल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कोऱ्या. इतकं स्वच्छ काळं मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाच्याही घशात तो नव्हता.

माझा खोकला कमी झालाय. औषध लागू पडलं. साधं सिरप.

सोमवार, २५ जून

होडी नाही.

डॉक्टर रजिस्टर घेऊन गेले होते, आज परत ठेवलं. चौथ्या आकड्याची ओळ दुसऱ्या शाईत आहे. नाव नाही. 'अज्ञात' असं लिहिलंय. मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, हे तुमच्याच भल्यासाठी. मग हळूच म्हणाले, आणि माझ्याही. चौदा दिवस मीच मोडले ना.

मोठ्या सिस्टर दिवसभर सिरपच्या बाटल्या खोक्यात भरत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, ३० जून

सकाळी होडी आली. खात्री झाली. डांग्या खोकला.

दुपारी दुसरी होडी आली, वरून. लाकूड कोरून केलेली, एका माणसाची. मुठीचा बाप. दोन दिवस वल्हं मारून हाताची सालं गेलेली. मावशीच्या पायाशी बसून बोलत राहिला. मावशी एकेक वाक्य आम्हाला देत होती, डाळ निवडावी तसं, अगदी सपाट आवाजात. मुलं खोकतात. खोकून खोकून निळी पडतात. मग श्वास आत ओढताना कोंबड्यासारखा आवाज करतात. मोठीही खोकतात, पण उभी आहेत. मुठीला तो आवाज काढायचंही बळ नव्हतं. ती नुसती थांबायची. परवा थांबली ती परत सुरू झाली नाही.

मावशीनं हेही त्याच आवाजात सांगितलं. मग आत जाऊन स्वतःचं गाठोडं बांधलं.

सोमवार, २ जुलै

वस्तीत पोचलो, खडकांपाशी होडी हातांनी ओढून काढत. घर रिकामं.

चुली गार. मुठीला पुरलेली जागा नदीकडच्या खांबाशी, माती अजून सैल. बाकी कुणी नाही. बाप छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, हाका मारत. मग मागच्या बाजूला पाऊलखुणा सापडल्या. खोकला या जागेला लागलाय असं समजून सगळे जंगलात आत गेलेत, पोरांना पाठीवर घेऊन. खोकणाऱ्या पोरांना, या दमटपणात, उपाशी.

डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि मुठीचा बाप बहुतेक सगळं सिरप घेऊन त्यांच्या मागावर गेले. निघताना डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले की माझ्याकडून झालं ते मी निस्तरतो, तुम्ही इथं थांबा, कुणी परत फिरलं तर औषध द्यायला माणूस हवं. चार बाटल्या ठेवल्या. मी, मावशी आणि सावकाश.

जाताना घाईत मोठ्यांनी आपापल्या झोळ्या सोडून नेल्या. मुलांच्या इथंच आहेत. अकरा. पोरं पाठीवर होती, झोळ्या कशाला लागणार.

मंगळवार, ३ जुलै

टळटळीत दुपार. छपराबाहेर ऊन, आत तोच संधिप्रकाश. पान हलत नव्हतं. मी बाटल्या पुसत होते, मावशी खांबाला टेकलेली.

नदीकडच्या ओळीतून खोकल्याचा आवाज आला.

अगदी बारीक. तीन-चार ठसके, मग काहीच नाही, श्वास आत घेतल्याचाही आवाज नाही. मग परत. मला वाटलं कुणीतरी परतलं. धावत गेले. शेवटची झोळी, सगळ्यात लहान, हलत होती. आत हात घातला. रिकामी.

वीण कोमट होती.

मागे वळले तर मावशी उभी. तिनं सांगितलं, मूठ आहे. जसं कुणी दार वाजवल्यावर सांगावं, शेजारीण आहे.

बुधवार, ४ जुलै

आज दुपारी तीन झोळ्या.

मुठीची, आणि आणखी दोन. मुठीचा बाप वस्तीतून निघाला तेव्हा ही दोन्ही मुलं जिवंत होती, त्यानंच सांगितलं होतं. मावशी ओळीसमोर बसून ऐकत होती. नुसत्या खोकण्यावरून ओळखते ती, दर खेपेला पोरांच्या ओळीतच निजते. बोट करून म्हणाली, हा दातपडका. ही गोगलगाय. मग म्हणाली, म्हणजे आज सकाळी गेली दोघं.

जंगलात कुणाचं काय होतंय ते आम्हाला असं कळणार.

सावकाशनं ऐकलं. उठला आणि होडीत जाऊन बसला. जेवायलाही आत आला नाही.

गुरुवार, ५ जुलै

पाच. शेपूट आली. मावशीला आधी कळेना कोणती, कारण खोकला एका झोळीत नव्हता, रांगेत पुढं पुढं सरकत होता. आईला शोधत असावी.

मला सहन होईना. मावशीला सांगून टाकलं. प्लेट, चौथा आकडा, फॉर्म, गुंड्या, सगळं. हेही सांगितलं की तुझी मूठ मी मारली.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

कधीपासून, मी विचारलं.

"म्हातारीनं विचारलं तेव्हापासून. तुझ्या तोंडात साखर होती. मी पण बोलले नाही. माझी माणसं तुझ्यावर खूश होती, मला बरं वाटत होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी आणलेला पाहुणा त्यांना आवडला होता."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग बाटली उचलून माझ्या हातात ठेवली.

"रडणं मागाहून. पोरं खोकतायत ना? मग औषध दे."

मी म्हणाले, मावशी, तिथं कुणी नाही.

"दे."

चमचा भरला. मुठीच्या झोळीत नेला, जिथं तोंड असेल तिथं धरला. एक थेंब सांडला नाही. बाहेर काढला तेव्हा चमचा रिकामा होता. कोरडा.

खोकला थांबला.

शुक्रवार, ६ जुलै

आठ झोळ्या. दिवसातून चार वेळा, प्रत्येकीला वजनाप्रमाणे. वजनं जूनमध्ये मीच घेतली होती, ती कामाच्या वहीत आहेत. औषध दिलं की तास-दीड तास शांत. मग एकानं सुरू केलं की सगळे.

तो श्वास आत ओढण्याचा आवाज. आता छपरातून येतो. खांबांतून येतो. बसल्या जागी जमीन हलते.

दोन बाटल्या संपल्या. सांडल्या नाहीत. मी मोजून देते.

सावकाश नदीतून ओरडला, चला, आत्ताच्या आत्ता चला, पटकन! त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी नाही म्हटलं. त्यानं होडी प्रवाहात नेली, मधोमध. दोरी लांब सोडलीय. गेला मात्र नाही.

शनिवार, ७ जुलै

नऊ. दहा.

दहाव्या वेळी मावशी पहिल्यांदा उठून बाहेर गेली. छपराबाहेर उन्हात उभी राहिली, तोंडावर हात घेऊन. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला.

अकरावी गप्प आहे. चिंचेची. खांबाजवळची, लाल दोरा विणलेली. ती पोर कुठंतरी जिवंत आहे, कुणाच्यातरी पाठीवर, आणि डॉक्टर तिच्यापर्यंत पोचले असतील. पोचलेच असतील. मी तिच्या झोळीसमोर बसून राहिले. हलू नकोस. बाई, हलू नकोस.

शेवटची बाटली. अर्धी.

रविवार, ८ जुलै — सकाळ

गप्प आहे.

दहाजणांना दिलं. तळाला दोन चमचे उरलेत. ते कुणाला देणार नाही. ते चिंचेचे. मावशीला सांगितलं. दहा झोळ्यांनीही ऐकलं बहुतेक — सकाळपासून सगळ्यांची तोंडं — तोंडं नाहीत, वीण — वीण बाटलीकडे ताणलेली —

रविवार — दुपार

मोठ्या सिस्टरांचा आवाज! जंगलाच्या बाजूनं. ओरडतायत. आयुष्यात कुणाचं ओरडणं इतकं गोड लागलं नव्हतं.

दिसले. मुठीचा बाप पुढं. मागं मोठी माणसं, वाकलेली, मोजता येत नाहीत. डॉक्टर. चष्मा नाही. त्यांच्या कडेवर पोर आहे, मान खांद्यावर, पण हात — हात हलला! तिनं डॉक्टरांचा कान ओढला. जिवंत आहे. मावशी, चिंच जिवंत आहे —

मावशी उठली नाही. ती ऐकतेय.

खोकला थांबलाय. सगळ्यांचा, एकदम. औषध न देता. इतक्या दिवसांत इतकी शांतता —

ते अंगण ओलांडतायत. डॉक्टर हसतायत. तिला तिच्याच झोळीत निजवणार, दुसरं कुठं —

लाल दोरा हलतोय.

वाऱ्यानं नाही. दोन्ही बाजूंनी धरून हलवावं तसा. हळूहळू. लहान बहिणीला झोका द्यावा तसा. दहाही झोळ्या तिकडे कललेल्या —

मावशी म्हणते, त्यांना करमत नाही तिच्यावाचून. ओरड, मावशी म्हणते, तिचा आवाज फुटत नाही, तू ओरड —

आत आणू नका. तिथंच थांबा, उन्हात, डॉक्टर, तिला आत —